शितावरून भात, पुस्तकावरून देश

आपल्या मेसमध्ये रोज रात्री जगाचा निकाल लागतो. "जपानी माणूस म्हणजे शिस्त!" "अमेरिकेत कुणी कुणाचं नसतं." "जर्मन लोक हसत नाहीत, पण त्यांचं मशीन बंद पडत नाही." आमटीची वाटी संपेपर्यंत चार-पाच देश पास-नापास करून होतात. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे पासपोर्टसुद्धा नसतो. मग ही मतं येतात कुठून? काही सिनेमातून, काही मोबाईलवरच्या फॉरवर्डमधून, काही न्यू जर्सीच्या मावसभावाकडून. आणि काही येतात पुस्तकांतून. सिनेमा आपण हसून सोडून देतो. पुस्तकातलं मात्र खरं मानतो, कारण त्याला मागे इंडेक्स असतो!

मला बोलायचंय ते या पुस्तकांबद्दल. एक अख्खा देश, तिथली माणसं, नाहीतर थेट सगळ्या मानवजातीची प्रगती एका खंडात बसवणारी पुस्तकं. मी कॉन्व्हेंटची. इंग्लंडमधली मुलं पिकनिकला डब्यात काय काय नेतात हे मला चौथीत पाठ होतं. आमच्या शेजारच्या तालुक्यात काय पिकतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून असेल कदाचित, पण पुस्तकातून देश कळतो म्हणजे नेमकं काय कळतं, हा प्रश्न मला जरा जास्तच छळतो.

त्यात या वर्षी आमच्या विंगमधल्या एका ताईला जपानमध्ये, नागोयाच्या कंपनीत नोकरी लागली. तीन वर्षांचा करार. घरातून देशाबाहेर पडणारी ती पहिलीच. तिच्या आईचा फोन आला की एकच प्रश्न, "तिथली माणसं कशी असतात गं?" ताईने तो प्रश्न माझ्याकडे सरकवला, कारण विंगमध्ये मी 'वाचणारी' म्हणून प्रसिद्ध. पण काकूंना मेसमधलं उत्तर देऊन भागणार नव्हतं.

आजी म्हणते, शितावरून भाताची परीक्षा. खरं आहे. पण ही परीक्षा का जमते याचा विचार केलाय? पातेलं एक, पाणी एक, आच एक. म्हणून कुठलंही शीत चेपून बघा, बाकीच्या भाताचं कळतं. आम्हा सिव्हिलवाल्यांची क्यूब टेस्ट म्हणजे दुसरं काय? १५० मिलिमीटरचे क्यूब, एका सॅम्पलचे तीन, २८ दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग मशीनखाली द्यायचे. किती घनमीटर काँक्रीटला किती सॅम्पल घ्यायची हेही आयएस ४५६ मध्ये सांगितलंय: पाचपर्यंत एक, सहा ते पंधरा दोन, आणि पुढे तसंच चढत्या क्रमाने. अट इतकीच की स्लॅबमध्ये जो माल पडतोय त्यातूनच क्यूब भरायचे. (साइटवर क्यूब भरताना सिमेंट जरा सढळ हाताने पडतं, असं सीनियर सांगतात. क्यूब पास होतो. स्लॅबचं देव जाणे!)

देश म्हणजे काही एका पातेल्यातला भात नव्हे. तिथे हजार चुली, कुठे करपलेलं, कुठे कच्चं. तेव्हा असं पुस्तक हातात आलं की मी आधी बघते, लेखकाने क्यूब कुठल्या बॅचमधून भरले? कुणाला भेटला, किती दिवस राहिला, भाषा येत होती का, आणि हे काम त्याला सांगितलं कुणी?

नागोयाच्या निमित्ताने पहिलं पुस्तक वाचलं ते रूथ बेनेडिक्ट या अमेरिकन बाईंचं 'द क्रिसॅन्थेमम अँड द स्वोर्ड'. शेवंती आणि तलवार. जपानवरचं हे बहुतेक सगळ्यात गाजलेलं पुस्तक, १९४६ साली निघालं. बाई मानववंशशास्त्रज्ञ, कोलंबिया विद्यापीठातल्या. जून १९४४ मध्ये, म्हणजे ऐन महायुद्धात, अमेरिकन सरकारने त्यांना सांगितलं की जपानी लोक कसे आहेत ते आम्हाला समजावून द्या. सरकारचे प्रश्न अगदी रोखठोक होते. जपानच्या भूमीवर सैन्य न उतरवता ते शरण येतील का? सम्राटाच्या राजवाड्यावर बॉम्ब टाकावा का? आता अडचण बघा. शत्रूचा देश, त्यामुळे तिथे जाता येत नाही. बाईंना जपानी भाषा येत नाही. म्हणजे व्हायवा आहे, एक्स्टर्नल म्हणून अमेरिकन लष्कर बसलंय, आणि प्रयोग तर केलेलाच नाही!

मग त्यांनी काय केलं? भाषांतरित कादंबऱ्या वाचल्या, जपानी सिनेमे पाहिले, आणि मुख्य म्हणजे अमेरिकेत राहणाऱ्या जपानी लोकांना विचारलं. इथे क्यूबची बॅच तपासायला हवी. १९४२ पासून अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना सरकारने घरांतून उठवून काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवलं होतं. त्यातले बहुतेक जन्माने अमेरिकन नागरिक. त्यांच्यातली वडीलधारी मंडळी जपानमधून आली ती १९२४ च्या आधी, कारण त्या वर्षीच्या कायद्याने जपान्यांना अमेरिकेचं दार बंदच झालं. म्हणजे त्यांच्या आठवणीतला जपान किमान वीस वर्षं जुना. न्यू जर्सीचे काही काका अजूनही पुण्याला सायकलींचं शहर म्हणतात ना, तसं. आणि ज्या सरकारने कोंडून ठेवलंय त्याच सरकारच्या कामासाठी कुणी प्रश्न विचारायला आलं, तर माणूस किती मोकळं बोलेल हा आणखी एक प्रश्न.

एवढं असून पुस्तक टाकाऊ आहे का? अजिबात नाही. जपानी माणसाच्या मनातली ऋणाची कल्पना बाईंनी फार छान उलगडली आहे. 'ओन' म्हणजे जन्मापासून डोक्यावर असलेलं उपकाराचं ओझं आणि 'गिरी' म्हणजे जगाची देणी. ही देणी कशी फेडायची, कुठलं आधी, कुठलं कधीच फिटत नाही, याचा अख्खा हिशेब त्या मांडतात. अमेरिकन वाचकाला हे नवीन वाटलं असेल. पितृऋण, ऋषिऋण हे शब्द कानावरून गेलेल्या आपल्याला तेवढं नाही. पुढे त्या म्हणतात की जपानी संस्कृती लाजेवर चालते, म्हणजे माणूस वाकडं पाऊल टाकत नाही तो लोक बघतील म्हणून. हे वाचताना मला मोठ्याने हसू आलं. 'लोक काय म्हणतील' ही जर जपानची खासियत, तर आमची कॉलनी टोकियोतच धरायला हवी!

जपानीत हे पुस्तक १९४८ मध्ये आलं, लाखो प्रती खपल्या, आणि तिथल्या अभ्यासकांनी नेमका हाच मुद्दा पकडला. युद्धकाळात शाळेत आणि लष्करात जे शिकवलं जात होतं तेच तुम्ही सगळ्या जपानचं आणि सगळ्या काळाचं म्हणून दाखवलंत, असं त्यांचं म्हणणं. शेतकरी, मजूर, दुकानदार कुठे आहेत यात? पण बाईंचं एक मला फार आवडलं. आपण तिथे जाऊ शकलो नाही आणि कुणावर विसंबून लिहिलं, हे त्या पहिल्याच प्रकरणात सांगून टाकतात. जर्नलमध्ये रीडिंगच्या आधी अपॅरेटस लिहितो तसं. सगळे लेखक हे करत नाहीत.

त्याच १९४४ साली, एप्रिल ते सप्टेंबर, अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात एक कैदी असंच पुस्तक लिहीत होता. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'. बेनेडिक्ट बाईंना युद्धामुळे जपान दिसत नव्हता, नेहरूंना तटामुळे भारत. तेही १९४६ मध्येच छापलं गेलं. प्रस्तावनेत नेहरू आपल्या अकरा सोबत्यांबद्दल लिहितात, की तुरुंगातली ही मंडळी म्हणजे भारताचा एक छेदच होती, कितीतरी भाषा तिथे बोलल्या जात. वल्लभभाई, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव अशी माणसं दिवसरात्र सोबत असतील तर गप्पांचा दर्जा काय विचारता! पण क्यूब बघा. सगळे काँग्रेस कार्यकारिणीचे, सगळे पुरुष. कार्यकारिणीतल्या सरोजिनी नायडूंना सरकारने पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं होतं. त्या नगरला असत्या तर पुस्तकात काय बदललं असतं, असं मला उगाचच वाटत राहतं.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या पुस्तकाकडे येते. ते मराठी आहे, आणि हॉस्टेलमध्ये दहा जणींना विचारलं तर एकीनेही नाव ऐकलेलं नव्हतं. पंडिता रमाबाईंचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त', साल १८८९. आजोळच्या वाचनालयात मिळालं. भाषा जुनी, वाक्यं लांबलचक, माझं मराठी वाचन असंही बैलगाडीच्या वेगाचं. ओळीवर बोट ठेवून वाचलं, पण सोडवेना.

आनंदीबाई जोशींचं नाव सगळ्यांना माहीत असतं. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाला त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभासाठी कॉलेजच्या डीन बाईंनी इंग्लंडमध्ये असलेल्या रमाबाईंना बोलावलं. रमाबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या. आईवडील दुष्काळात गेलेले, नवरा गेलेला, पदरी लहान मुलगी, इंग्लंडला गेल्यावर ख्रिस्ती झालेल्या आणि त्यावरून इकडे गदारोळ उठलेला. समारंभाला म्हणून गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. गावोगाव व्याख्यानं देत पार पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत पोचल्या, आणि सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे परत आल्या. (हो, जपान! बेनेडिक्ट बाईंना जे जमलं नाही ते यांनी जाता जाता केलं.)

पुस्तकात त्यांनी काय नाही सांगितलं? सरकार कसं चालतं, घरं कशी असतात, शाळा-कॉलेजं, धर्मादाय संस्था, व्यापार, आणि एक मोठं प्रकरण बायकांच्या स्थितीवर. आपण आज हे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. वाचणारा मराठी माणूस तेव्हा व्हिक्टोरिया राणीची प्रजा होता आणि काँग्रेस अवघी चार वर्षांची होती. अशा वाचकाला एक बाई सांगते आहे की जगात एक मोठा देश आहे, तिथे राजा नाही, आणि लोक मतं देऊन आपलं सरकार नेमतात. इंग्रजांवर एक शब्दही न बोलता हे सांगता येतं, यातली हुशारी मला दुसऱ्या वाचनात कळली.

मला सगळ्यात गंमत वाटली ती बायकांच्या संघटनांच्या वर्णनाची. दारूबंदीसाठी काम करणारी बायकांची मोठी संघटना तिथे होती. गावात शाखा, वर जिल्हा, वर राज्य, वर देश. हे सगळं बायकाच चालवतात, हे रमाबाई बारकाईने सांगतात. आपल्याला यात काय विशेष असं वाटेल, गॅदरिंगची कमिटीसुद्धा अशीच असते. पण १८८९ मध्ये जिला सासरच्या परवानगीशिवाय उंबरा ओलांडता येत नव्हता, तिच्यासाठी हे म्हणजे असेंब्ली ड्रॉइंगच होतं. कुठला भाग कुठे बसतो ते दाखवणारं. आणि त्याच वेळी अमेरिकन बाईला देशभर मताचा हक्क नव्हताच. तो मिळायला १९२० उजाडलं. म्हणजे मत नसलेल्या बायका एवढं काम कसं करतात, हा त्यातला खरा धडा.

बॅच तपासूया? रमाबाईंच्या यजमानीण बाया बहुतेक गोऱ्या, शिकलेल्या, चर्चशी आणि सुधारणेशी जोडलेल्या. त्यामुळे पुस्तकातली अमेरिका जरा इस्त्री केलेली वाटते. शिवाय बोस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली होती आणि भारतातल्या त्यांच्या शाळेला दहा वर्षं मदत द्यायचं तिने कबूल केलं होतं. त्याच मदतीवर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. आपल्याला मदत देणाऱ्यांच्या देशाबद्दल लिहिताना हात थोडा आखडणारच. तरीसुद्धा गोऱ्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांचं काय केलं आणि गुलामगिरी काय होती, हे त्या गाळत नाहीत. भाषा येत होती, तीन वर्षं राहिल्या, स्वतःच्या पायांनी फिरल्या. माझ्या मते बेनेडिक्ट बाईंपेक्षा रमाबाईंचा क्यूब भक्कम. मराठीत आहे म्हणून हे म्हणत नाहीये!

अमेरिकेवरचं जगप्रसिद्ध पुस्तक तोकव्हिल या फ्रेंच माणसाचं. तो १८३१ साली पंचवीस वर्षांचा असताना तुरुंग बघायच्या सरकारी कामावर गेला, नऊ महिने फिरला आणि 'डेमोक्रसी इन अमेरिका' हे दोन भागांचं पुस्तक लिहून मोकळा झाला. काही भाग अप्रतिम, काही इतका कोरडा की ओरल्सच्या आदल्या रात्री झोपेसाठी उत्तम.

नायपॉल यांचं मात्र सांगायला हवं. एकाच माणसाने एकाच देशावर तीन पुस्तकं लिहिली, १९६४, १९७७ आणि १९९० मध्ये. आणि तो देश आपला. पहिलं वाचताना राग येतो. सगळीकडे घाण, सगळीकडे चिडचिड. तिसऱ्या 'अ मिलियन म्युटिनीज नाऊ'मध्ये ते मुंबईत आंबेडकर जयंतीच्या रांगेपासून सुरू करतात, आणि मुख्य म्हणजे स्वतः गप्प बसून समोरच्याला बोलू देतात. शिवसैनिक बोलतो, नामदेव ढसाळ बोलतात. देश सव्वीस वर्षांत बदलला हे खरंच, पण मला वाटतं सॅम्पल घ्यायची पद्धतही बदलली होती.

देशाच्या पुढे जाऊन सगळ्या माणसांच्या प्रगतीवर लिहिणारे तर आणखी धाडसी. जॅरेड डायमंड यांचं 'गन्स, जर्म्स अँड स्टील' (१९९७) हे त्यातलं गाजलेलं. १९७२ मध्ये न्यू गिनीत याली नावाच्या स्थानिक पुढाऱ्याने त्यांना विचारलं की तुम्हा गोऱ्यांकडे एवढा माल कसा आणि आमच्याकडे का नाही? डायमंड म्हणतात, बुद्धीचा काही संबंध नाही, जमिनीचा आहे. पाळीव होऊ शकतील अशा मोठ्या शाकाहारी प्राण्यांच्या १४८ जातींपैकी माणसाला पाळता आल्या फक्त १४, आणि त्यातल्या १३ युरोप-आशियाच्या वाट्याला आल्या. झेब्रा कितीही घोड्यासारखा दिसला तरी पाळता येत नाही. शिवाय युरोप-आशिया पूर्व-पश्चिम पसरलेला, त्यामुळे एकाच अक्षांशावर गहू इकडून तिकडे सहज गेला. वाचताना पटत जातं, इंजिनिअरला तर फारच, कारण इनपुट दिलं की आउटपुट येतं! पण मग ज्यांनी जहाजं भरून माणसं विकली, दुसऱ्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांचे निर्णय कुठे गेले? ते सगळं अक्षांशावर ढकलून कसं चालेल? अनेक मानववंशशास्त्रज्ञांची तक्रार हीच आहे.

त्यापेक्षा हान्स रोसलिंग यांचं 'फॅक्टफुलनेस' (२०१८) मला जवळचं वाटलं. हे स्वीडनचे डॉक्टर. १९७२ मध्ये विद्यार्थी म्हणून बंगळूरला आले, आणि किडनीच्या एक्स-रेच्या वर्गात भारतीय मुलं आपल्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत हे बघून थक्क झाले. त्यांना वाटलं आपण चुकून तज्ज्ञांच्या वर्गात बसलो! पुढे २०१७ मध्ये त्यांच्या गटाने १४ देशांतल्या १२,००० लोकांना जगाच्या स्थितीवर १२ सोपे प्रश्न विचारले, प्रत्येकाला तीन पर्याय. सरासरी दोन उत्तरं बरोबर. नुसती टिचकी मारून पर्याय निवडणाऱ्या माकडाची चार आली असती. वीस वर्षांत जगातली अतिगरिबी जवळजवळ निम्मी झाली, हे फक्त ७ टक्के लोकांना माहीत होतं. पण हेही २०१८ चं पुस्तक आहे. २०२० मध्ये कोरोनाने तोच आकडा उलटा वर नेला. आलेख कुठल्या वर्षी थांबलाय हे बघायचंच.

हे सगळं लांबचं झालं. आपल्या विंगमध्ये काय होतं? फर्स्ट इयरच्या मुली आल्या की दुसऱ्या दिवशी लेबलं तयार. कोकणातली म्हणजे चिकट, मराठवाड्यातली म्हणजे बिचारी, नागपूरची म्हणजे आळशी. यंदा गडचिरोलीहून एक मुलगी आलीय. पहिल्या आठवड्यात चौदा जणींनी तिला विचारलं, "तुमच्याकडे जंगलात भीती नाही वाटत?" तिचे वडील बँकेत, घर बसस्टँडजवळ. चौदा वेळा तिने नीट सांगितलं. पंधरावीला म्हणाली, "नाही गं, आम्ही शाळेत हत्तीवरूनच जायचो." पंधरावी वहीत लिहून घेते की काय असं वाटलं मला. ही माहिती आता कुणाच्या तरी घरी दिवाळीत फिरणार, आणि 'तिथल्याच मुलीने सांगितलंय' म्हणून खात्रीची ठरणार.

काकूंना मी काय सांगितलं? म्हटलं, काकू, पुस्तक छान आहे पण ऐंशी वर्षं जुनं, आणि त्यातल्या बाई तिथे गेलेल्याच नव्हत्या. ताई त्याच कंपनीतल्या तिघींना गाठते: एक मराठी, एक जपानी, आणि एक नोकरी सोडून आलेली. सोडून आलेलीला विचारायचं काकूंनीच सुचवलं. इंजिनिअर व्हायला हव्या होत्या त्या. तिघींची उत्तरं जुळली ती दोनच गोष्टींवर. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा ते नीट पाठ कर, आणि ट्रेनमध्ये फोनवर बोलू नकोस. माणसांबद्दल तिघींनी तीन गोष्टी सांगितल्या. काकूंनी तिन्ही लिहून घेतल्या आहेत.

ताजा कलम: रमाबाईंचं पुस्तक आपल्या लायब्ररीत नाही. मीरा कोसंबी यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये आलाय, तोही नाही. मागणीच्या रजिस्टरमध्ये मी दोन्ही नावं लिहून ठेवली आहेत. त्याखाली आणखी चार-पाच सह्या पडल्या तर पुढच्या खरेदीत येतील, असं लायब्ररीतले काका म्हणाले. रजिस्टर काउंटरवर, डाव्या हाताला, नियतकालिकांच्या गठ्ठ्याखाली असतं.